बेटावरची मुले पाहुणी निघाली

घारापुरीला येणारा पाहुणा बेटावर साधारणपणे तीन-चार तास असतो. गेटवेहून लाँचने तासाभरात तो शेतबंदरच्या धक्क्याला लागतो, हौस असली तर धक्क्यावरच्या छोट्या गाडीत बसतो, एकशेवीस पायऱ्या चढून लेण्यांत जातो, महेशमूर्तीसमोर उभे राहून छायाचित्र काढतो, उतरताना मीठ-तिखट लावलेली काकडी खातो आणि शेवटच्या लाँचच्या आधी धक्क्यावर परत येतो, कारण पर्यटकांना इथे रात्रीचा मुक्काम करता येत नाही. आमच्या शाळेतील मुले हा क्रम समजायला लागल्यापासून पाहत आली आहेत. कोणता पाहुणा अर्ध्या पायऱ्यांवर टेकणार आणि माकड कोणाच्या हातची पिशवी ओढणार, हे ती खालूनच ओळखतात. स्वतः पाहुणे होण्याची वेळ मात्र त्यांच्यावर फारशी येत नाही. मुंबईला दवाखान्यासाठी जाणे होते, उरणला बाजारासाठी किंवा लग्नासाठी जाणे होते. पण नुसते पाहण्यासाठी म्हणून चार दिवस बाहेर राहायचे, हे पाचवी ते सातवीच्या सतरा मुलांपैकी एकानेही केलेले नव्हते.

सहलीचे निमित्त होते भरतीची वही. दोन वर्षांपूर्वी परिसर अभ्यासाच्या तासाला एका मुलाने विचारले होते, की त्याच्या आजोबांना घड्याळ न पाहता भरतीची वेळ कशी कळते. आजोबांनाच शाळेत बोलावले. त्यांनी सांगितलेला हिशेब कोकण किनाऱ्यावर होडी चालवणाऱ्या प्रत्येक तांडेलाला पाठ असतो : तिथीच्या आकड्याची पाऊणपट करायची, तेवढे तास बारावर मोजायचे, ती भरतीची वेळ; तिच्यात सहा तास मिळवले किंवा वजा केले की सुकती, म्हणजे पूर्ण ओहोटी. अष्टमीला आठाची पाऊणपट सहा, म्हणून भरती सहा वाजता आणि सुकती बाराला. मुलांना हे जादूसारखे वाटले, आणि जादू तपासून पाहावी म्हणून आम्ही धक्क्याच्या एका खांबावर पांढऱ्या ऑइलपेंटने दर दहा सेंटिमीटरला रेघ मारून घेतली. तेव्हापासून शाळेच्या आधी आणि शाळेनंतर, सुट्टीच्या दिवशी जमेल तेव्हा, पाळीची दोन मुले तिथे जाऊन तारीख, तिथी, वेळ आणि पाण्याची रेघ असे चार रकाने भरतात. वर्षाअखेरीस त्यांच्या लक्षात आले की आजोबांचा हिशेब पौर्णिमा-अमावास्येच्या आसपास चांगला जुळतो आणि अष्टमीच्या सुमारास अर्ध्या तासापर्यंत चुकतो. तालुक्याच्या विज्ञान प्रदर्शनात या वहीला दुसरा क्रमांक मिळाला. गावाने कौतुकाने वर्गणी काढली, आणि ‘काय बक्षीस पाहिजे?’ या प्रश्नावर मुलांनी जे उत्तर दिले ते आम्हां शिक्षकांना सुचले नसते. त्यांना दुसऱ्यांची बेटे पाहायची होती.

पहिला दिवस : सोमवार, पौष वद्य प्रतिपदा

सोमवार मुद्दाम निवडला. त्या दिवशी लेणी बंद असतात, पर्यटकांच्या लाँच येत नाहीत आणि पायऱ्यांवरची दुकाने झाकलेली असतात. त्यामुळे शेतबंदर, मोराबंदर आणि राजबंदर या तिन्ही वाड्यांतली मंडळी धक्क्यावर येऊ शकली. गावच्या लाँचने आम्ही पावणेसातला निघालो. प्रतिपदेच्या हिशेबाने ती ऐन सुकतीची वेळ होती, पाणी पार मागे गेलेले होते आणि चिखलात बगळे चरत होते. भरतीची वही मात्र आम्ही बरोबर घेतली नाही. चार दिवस नोंदी कोण करणार, यावर आठवडाभर वाद झाला होता आणि शेवटी ते काम चौथीतल्या एका मुलाकडे, त्याच्या आजीच्या देखरेखीखाली, सोपवले गेले. वहीची खरी कारभारीण म्हणजे सातवीतली एक मुलगी. ती लाँच सुटेपर्यंत त्याला बजावत होती, ‘अंदाजाने आकडा लिहायचा नाही. चुकली वेळ तर जागा रिकामी ठेव, आणि का चुकली ते लिही.’

गेटवेपर्यंतची वाट रोजच्या ओळखीची, त्यामुळे ती गप्पांत सरली. उत्तरेला अटल सेतूची लांबच लांब रेघ धुक्यात अर्धी पुसलेली होती. अपोलो बंदर जवळ आल्यावर सरांनी मुलांना सांगितले, की या बंदरावर १८७८ पासून समुद्राच्या पातळीची नोंद होत आलेली आहे आणि जगभरचे अभ्यासक ती वापरतात. कारभारणीने मनातल्या मनात वजाबाकी केली आणि आपल्या दोन वर्षांच्या वहीबद्दल ती पुढचा अर्धा तास काही बोलली नाही.

आमच्या बेटावर मोटारी नाहीत. म्हणून निघण्याआधी पंधरा दिवस आम्ही शाळेच्या अंगणात चुन्याने झेब्रा क्रॉसिंग आखले होते आणि मुलांना आळीपाळीने ‘टॅक्सी’ व ‘पादचारी’ केले होते. त्या सरावाचा उपयोग इतकाच झाला, की गेटवेसमोरचा रस्ता ओलांडताना सतरा जणांनी एकाच वेळी हात वर केले आणि खरोखरच सगळी वाहने थांबली. एका टॅक्सीवाल्याने खिडकीतून नमस्कारही केला.

छत्रपती शिवाजी महाराज वस्तुसंग्रहालय तिथून चालत जाण्याच्या अंतरावर आहे. १९०५ मध्ये पायाभरणी झालेली आणि १९२२ मध्ये लोकांसाठी उघडलेली ही वास्तू पाहण्यासारखी आहेच, पण आम्ही तिथे एका शोधावर गेलो होतो. घारापुरीहून गेलेल्या वस्तू शोधायच्या, असा खेळ मुलांना दिला होता. शिल्पदालनात त्यांना महिषासुरमर्दिनी सापडली आणि मग ब्रह्मदेवही सापडला. दोन्ही सहाव्या शतकातली, दोन्ही आमच्या बेटावरची. पाटीवर बेटाचे नाव वाचल्यावर झालेला गलका पाहून दालनातला पहारेकरी धावत आला. लेण्यांमधल्या मूर्तींचे हात-पाय तुटलेले पाहत ही मुले मोठी झालेली आहेत, त्यामुळे इथल्या मूर्तींचा भंगलेपणा त्यांना खटकला नाही. त्यांना खटकला तो प्रकाश. एक मुलगी म्हणाली, ‘बाई, इथे दिवा सगळीकडून सारखाच पडतो. आपल्याकडे सकाळी एक चेहरा दिसतो आणि दुपारी दुसरा.’ तिचे वडील लेण्यांत मार्गदर्शक आहेत आणि ती स्वतः, शाळेच्या ‘माझे बेट मी सांगेन’ या उपक्रमात, बाहेरगावच्या शाळा आल्या की त्यांना महेशमूर्ती समजावून सांगते. साडेपाच मीटरांच्या आसपास उंची असलेल्या त्या मूर्तीचे तीन चेहरे कोणत्या वेळी कसे दिसतात, हे तिच्याइतके नेमके मला अजूनही सांगता येत नाही.

दुपारी बेस्टच्या बसने भायखळ्याला राणीच्या बागेत गेलो. इथे हत्ती होता. मी जिवंत हत्तीबद्दल बोलत नाही. पोर्तुगीज जेव्हा घारापुरीला आले तेव्हा राजबंदरच्या बाजूला किनाऱ्याजवळ काळ्या दगडाचा एक मोठा हत्ती उभा होता आणि त्याच्यावरूनच त्यांनी बेटाला एलिफंटा हे नाव दिले. १८६४ मध्ये तो उचलून इंग्लंडला नेण्याचा बेत ठरला, पण उचलतानाच यारीची, म्हणजे क्रेनची, साखळी तुटली आणि हत्तीचे तुकडे झाले. ते तुकडे मुंबईत या बागेत आणले गेले आणि १९१४ मध्ये जोडून हत्ती पुन्हा उभा केला गेला. आज तो भाऊ दाजी लाड संग्रहालयाशेजारी उभा आहे. जवळ जाऊन पाहिले तर सांधे स्पष्ट दिसतात. मानेपाशी, पोटावर, पायांवर वेगळ्या रंगाच्या वेड्यावाकड्या रेघा आहेत, फुटलेला रांजण चिकटवावा तशा. येणारे-जाणारे बहुतेक लोक त्याच्याकडे न पाहता पुढे जात होते.

आमच्या सहावीत राजबंदरचा एक मुलगा आहे. एरवी वर्गात तो फार बोलत नाही. तो हत्तीसमोर जाऊन उभा राहिला आणि बराच वेळ हलला नाही, तेव्हा बागेच्या रखवालदाराने त्याला हटकले.

‘काय रे, इतका काय बघतोस?’

‘आमचा हत्ती आहे.’

‘कोणाचा?’

‘आमच्या वाडीचा. आमच्या इथून आणलाय.’

रखवालदार हसला, पण मग त्याने हत्तीकडे वळून एकदा नीट पाहिले. त्या मुलाला तो म्हणाला, ‘मग घेऊन जाणार का?’ मुलाने सांध्यांकडे पाहून विचार केला आणि अगदी गंभीरपणे सांगितले, ‘नको. परत फुटेल.’

सगळ्यांनी हत्तीची चित्रे काढली. हत्तीसाठी म्हणून ठेवलेला वेळ संपला तेव्हा प्रामाणिकपणे सांगायचे तर बहुतेकांचे लक्ष पेंग्विनकडे लागलेले होते, आणि रात्री गिरगावातल्या मुक्कामी दिवसभरात काय आवडले असे विचारल्यावर सतरापैकी अकरा हात पेंग्विनसाठी वर आले.

दुसरा दिवस : मंगळवार, द्वितीया

सकाळी वरळीच्या नेहरू विज्ञान केंद्रात गेलो. विज्ञान केंद्राबद्दल मी फार लिहीत नाही. मुंबई-ठाण्याच्या शाळांच्या सहलींचे ते ठरलेले ठिकाण आहे आणि आमची मुलेही तिथे इतर शाळांच्या मुलांसारखीच बटणे दाबत फिरली. एका गोष्टीची नोंद करायला हवी. आमच्या बेटावर समुद्राखालच्या केबलने कायमची वीज आली ती फेब्रुवारी २०१८ मध्ये. त्याआधी संध्याकाळी काही तास जनित्र चालायचे. आज सातवीत असलेली मुले तेव्हा चार-पाच वर्षांची होती, आणि जनित्र बंद होण्याआधी जेवण उरकायची घाई त्यांच्यापैकी काहींना आठवते. विजेच्या दालनात हाताने दांडा फिरवून दिवा लावायचे यंत्र होते. तिथे दुसऱ्या एका शाळेची मुले कंटाळून पुढे गेली. आमची मात्र पाळीपाळीने दांडा फिरवत राहिली, आणि किती वेगाने फिरवला म्हणजे दिवा न लुकलुकता जळतो याची त्यांच्यात पैज लागली.

दुपारी गेटवेहून मांडव्याची लाँच पकडली. प्रवासी सीगल पक्ष्यांना पाकिटातले कुरकुरे आणि गाठी भरवत होते. हिवाळ्यात हे दृश्य आमच्याकडच्या लाँचवरही रोज दिसते. आमची दोन मुले उठून एका कुटुंबाला समजावू लागली की पक्ष्यांना तळलेले देऊ नये, त्यांना मासे मिळतात. त्या बाईंनी ऐकले. त्यांच्या यजमानांनी ऐकले नाही. मांडव्याहून अलिबागची बस लाँचच्याच तिकिटात असते, त्यामुळे तिथे वेळ मोडला नाही आणि दिवस मावळायच्या आत आम्ही अलिबागला एका शाळेच्या सभागृहात पथाऱ्या पसरल्या.

रात्री खरे काम होते. कुलाबा किल्ला अलिबागच्या किनाऱ्यासमोर समुद्रात आहे आणि सुकतीला तिथे चालत जाता येते. किती वाजता निघायचे आणि किती वाजता परत फिरायचे, हे मुलांनी ठरवायचे, असे आम्ही आधीच सांगितलेले होते. उद्या तृतीया, तिनाची पाऊणपट सव्वादोन, भरती दुपारी सव्वादोनला, म्हणजे सुकती सकाळी सव्वाआठला. पौर्णिमेला फार दिवस झालेले नाहीत, उधाणाचे दिवस आहेत, तेव्हा पाणी चांगले मागे जाईल. अष्टमीच्या आसपासचे, भांगाचे दिवस असते तर इतके हटले नसते. सुकतीच्या सव्वा तास आधी निघायचे आणि सव्वा तासानंतर काठावर परत यायचे, असे फळ्यावर लिहिले गेले. सरांनी मोबाइलवर भरती-ओहोटीचे कोष्टक उघडून पाहिले, मला दाखवले आणि मुलांना न सांगता पुन्हा खिशात ठेवले. फरक अगदी थोड्या मिनिटांचा होता.

तिसरा दिवस : बुधवार, तृतीया

सातला किनाऱ्यावर गेलो तेव्हा किल्ल्याच्या वाटेवर अजून पोटऱ्यांपर्यंत पाणी होते. घोडागाडीवाले तयार होते आणि त्यांच्यातल्या एका वयस्क गाडीवानाने आम्हांला विचारले, की पाणी पुरते उतरायच्या आत मुलांना घेऊन कुठे निघालात. कारभारणीने त्याला विचारले, ‘काका, सुकती कधी?’ तो म्हणाला, ‘सव्वाआठ, साडेआठ.’ ती मागे वळून आमच्याकडे बघून जे हसली, ते हसू प्रदर्शनातल्या प्रमाणपत्राच्या वेळीही मी पाहिलेले नव्हते. त्या गाडीवानाला जेव्हा कळले की ही मुले घारापुरीची आहेत आणि पंचांग बघून आली आहेत, तेव्हा त्याने काठाकाठाने खडक कुठे निसरडा आहे आणि वाळू कुठे घट्ट आहे ते समजावून सांगितले. पैसे देऊन गाडीतून नेण्याची गोष्ट मग कोणीच काढली नाही.

पायातल्या चपला हातात घेऊन, दोघादोघांचे हात धरून, आम्ही पाण्यातून गेलो. समुद्राच्या पाण्याची भीती नसलेली आणि तरीही समुद्राला मानणारी मुले कशी चालतात, ते तिथे दिसले : कोणी पळाले नाही, कोणी पाणी उडवले नाही, आणि प्रत्येकजण मधूनमधून मागे वळून काठ कुठे आहे ते बघत होता.

कुलाबा किल्ल्याचे काम शिवाजी महाराजांनी १६८० मध्ये सुरू करवले आणि ते संभाजी महाराजांच्या काळात, पुढच्या वर्षी, पूर्ण झाले. पुढे तो आंग्र्यांच्या आरमाराचे ठाणे झाला. तटाच्या मोठमोठ्या दगडांमध्ये चुना भरलेला नाही. दगड नुसते एकावर एक रचलेले आहेत, म्हणजे लाटेचे पाणी फटींत शिरते आणि तिचा जोर तिथेच मोडतो. हे मी सांगितले तेव्हा मोराबंदरच्या एका मुलाने लगेच हरकत घेतली, की आमच्या धक्क्याच्या भिंतीला सिमेंट आहे आणि ती तरीही दर पावसाळ्यात खचते. मग तो स्वतःच म्हणाला, ‘तरीही म्हणजे काय, म्हणूनच.’ त्यानंतर त्याने तटाच्या फटींत हात घालून त्या किती खोल आहेत ते तपासायचा सपाटाच लावला. एका फटीत कोपरापर्यंत हात गेला आणि आतून एक खेकडा बाहेर आला.

आत गोड्या पाण्याची पुष्करणी आहे आणि राघोजी आंग्र्यांनी १७५९ मध्ये बांधलेले सिद्धिविनायकाचे मंदिर आहे. उत्तरेच्या तटाजवळ चाकांच्या गाड्यांवर दोन तोफा उभ्या आहेत. आमच्या बेटाच्या माथ्यावरही दोन तोफा आहेत आणि मुले त्यांच्यावर घोडा-घोडा खेळत आलेली आहेत, हे मी इथे कबूल करून टाकते. दोन्हीकडच्या तोफांची तोंडे कोणत्या दिशेला आहेत, शत्रू कुठून येणार असे त्या माणसांना वाटत असेल, यावर मंदिराच्या पायरीवर बसून चांगली चर्चा झाली. सव्वानऊ वाजताच पाळीवरच्या दोन मुलांनी आवाज दिला. पाणी अजून पुरते मागे होते आणि मला आणखी थोडे थांबावेसे वाटत होते. पण वेळ मुलांनी ठरवायची असे म्हटल्यावर तसेच वागायला हवे. साडेनऊला शेवटचा मुलगा कोरड्या वाळूवर होता.

त्यानंतरचे ठिकाण होते अलिबागची चुंबकीय वेधशाळा. आधी पत्र पाठवून परवानगी मिळवलेली होती. मुलांचा एक गोंधळ आधी मिटवावा लागला : मुंबईचा कुलाबा वेगळा, अलिबागसमोरचा कुलाबा किल्ला वेगळा, आणि आमचा रायगड जिल्हाही १९८१ पर्यंत कुलाबा जिल्हाच म्हणवला जात असे. या वेधशाळेची कथा पहिल्या कुलाब्यापासून सुरू होते. मुंबईच्या कुलाब्याला १८४१ पासून पृथ्वीच्या चुंबकत्वाची मोजमापे घेतली जात होती. शहरात विजेवर चालणाऱ्या ट्राम येणार असे ठरले, तेव्हा त्यांच्या विद्युतप्रवाहामुळे मोजमापे बिघडतील हे ओळखून वेधशाळेचे संचालक डॉ. नानाभाई मूस यांनी अलिबागची जागा निवडली. १९०४ पासून इथे नोंदी सुरू झाल्या. पहिली दोन वर्षे दोन्ही ठिकाणी एकाच वेळी मोजमापे घेतली गेली, म्हणजे जुन्या आणि नव्या आकड्यांचा सांधा जुळावा. मग ट्राम आल्या, आणि यथावकाश गेल्याही. नोंदी चालूच आहेत. मोजमापाच्या इमारतीत लोखंड येऊ नये म्हणून खास दगड वापरला आहे आणि खिळेसुद्धा लोखंडाचे नाहीत.

तिथल्या अधिकाऱ्यांनी मुलांना सोप्या भाषेत बरेच काही सांगितले. मुलांनी शाळेत सुई घासून आणि बुचावर तरंगवून होकायंत्र केलेले होते, त्यामुळे प्रश्नही बरे आले. कारभारणीचा प्रश्न सगळ्यांत शेवटी आला. तिने विचारले, ‘एखाद्या दिवशी नोंद राहिली तर तुम्ही काय करता?’ अधिकारी क्षणभर थांबले आणि म्हणाले, ‘जागा रिकामी ठेवतो. मनाने भरत नाही.’ ती शांतपणे खाली बसली. दोन ठिकाणी एकाच वेळी दोन वर्षे मोजण्याची कल्पना मात्र तिच्या डोक्यात शिरलेली आहे, आणि आता राजबंदरलाही एक खांब रंगवावा असा तिचा आग्रह आहे.

बाजारातून जाताना कान्होजी आंग्र्यांच्या समाधीचे दर्शन घेतले आणि दुपारच्या एसटीने मुरूडकडे निघालो. इथे आमची फजिती झाली. लाँच कितीही हलली तरी जी मुले आरामात शेंगा सोलून खातात, ज्यांना उभ्या जन्मात कधी बोट लागलेली नाही, त्यांना गाडी लागली. रेवदंड्याचा पूल ओलांडेपर्यंत चौघे खिडकीत होते. काशीदच्या वळणांवर ती संख्या नऊ झाली. बरोबर आलेल्या आईंनी लिंबे आणि आवळासुपारी आणली होती म्हणून निभावले. वाटेत कोर्लई लागले. पोर्तुगिजांच्या त्या गडाखालच्या गावात काही घरांत अजून पोर्तुगिजीतून उपजलेली बोली बोलतात, हे मी मोठ्या उत्साहाने सांगायला घेतले. पण हत्तीवरून बेटाला नाव देणाऱ्यांची भाषा इथे आजही जिवंत आहे या माझ्या वाक्याकडे कोणी लक्ष देण्याच्या अवस्थेत नव्हते. मुरूडला उतरल्यावर राजबंदरचा मुलगा पिवळ्या चेहऱ्याने म्हणाला, ‘बाई, रस्ता फार खवळलेला होता.’

चौथा दिवस : गुरुवार, संकष्टी चतुर्थी

सकाळी राजपुरीच्या धक्क्यावरून शिडाच्या होडीत बसलो. कालच्या बसनंतर मुलांचे चेहरे होडीत बसताच उजळले. शिड कसे फिरवतात, दोर कोणता आधी सोडतात, हे त्यांनी खलाशांना इतके विचारले, की त्यांच्यातल्या एकाने सातवीतल्या एका मुलाला थोडा वेळ दोर धरू दिला.

जंजिरा हा शब्द जझीरा या अरबी शब्दावरून आला आणि त्याचा अर्थ बेट असाच आहे. सिद्दींचा हा किल्ला शेवटपर्यंत कोणालाही जिंकता आला नाही. त्याचे मुख्य दार तटाच्या दोन बुरुजांच्या आड इतके बेमालूम लपलेले आहे, की होडी अगदी जवळ जाईपर्यंत ते दिसत नाही. दाराजवळ दगडात कोरलेले एक शिल्प आहे : शरभ नावाच्या वाघासारख्या पशूने चार पायांत चार हत्ती धरले आहेत, एक शेपटीत गुंडाळला आहे आणि एक तोंडात पकडला आहे. राजबंदरच्या मुलाने ते सहाही हत्ती मोजले आणि त्याला ते शिल्प मुळीच आवडले नाही.

किल्ल्यावर माहिती सांगणारे गृहस्थ रंगात येऊन बोलत होते. कलालबांगडी तोफेपाशी त्यांनी तिचा पल्ला सांगितला, तेव्हा आमची मार्गदर्शकाची मुलगी माझ्या कानाशी लागली. ‘बाई, ही थाप आहे ना?’ मी म्हटले, थोडी असेल. ती म्हणाली, ‘पण मारली छान. बाबा म्हणतात, पाहुणा दमला की एखादी गोष्ट मोठी करून सांगावी, म्हणजे तो पुढच्या पायऱ्या चढतो.’ निघताना तिने त्या गृहस्थांना एक सूचनाही केली, की उन्हात उभे करून इतका वेळ बोलू नये, आधी सगळ्यांना सावलीत न्यावे. त्यांनी ती हसून मान्य केली.

खाऱ्या पाण्याच्या मधोमध असलेले गोड्या पाण्याचे प्रशस्त तलाव मुलांना सर्वांत जास्त आवडले. घारापुरीला एप्रिल-मे महिन्यांत पाण्याची ओढ असते आणि घराघरांत हंडे मोजून भरले जातात. तलावाच्या काठावर बसून या किल्ल्यात किती माणसे राहत असतील आणि पाणी त्यांना किती महिने पुरत असेल, याचा हिशेब वहीच्या मागच्या पानांवर मांडला गेला. तो अर्धवट राहिला, कारण होडीवाल्याने हाक मारली. वरच्या बुरुजावरून दूर समुद्रात पद्मदुर्ग दिसला. तिथे उतरायचा योग नव्हता.

राजपुरीच्या धक्क्यावर एक बाई ताडगोळे आणि काकड्या विकत होत्या. कोणीतरी पर्यटक त्यांच्याशी घासाघीस करत होता. आमच्या पाचवीतल्या एका मुलाची आई पायऱ्यांवर काकड्या विकते. त्याने आपल्याजवळच्या वीस रुपयांची काकडी घेतली, भाव विचारला नाही, आणि जाताना त्या बाईंना सांगितले, ‘मावशी, पाणी शिंपडलेल्या फडक्याखाली ठेवा, दुपारपर्यंत कडक राहतात.’

परतीच्या एसटीत सगळ्यांना रिकाम्या पोटी बसवले आणि पुढच्या बाजूच्या जागा मागून घेतल्या, त्यामुळे गाडी लागणारांची संख्या तीनवर आली. अलिबाग, मांडवा, गेटवे असे करत साडेसहाला गावच्या लाँचमध्ये बसलो तेव्हा दिवस मावळलेला होता. अंधारात घारापुरीकडे जाणारी लाँच म्हणजे आमचीच, कारण या वेळी पाहुणे सगळे उलट दिशेने परत गेलेले असतात. मुले झोपली होती. पाऊण तासानंतर तिन्ही वाड्यांचे दिवे वेगवेगळे दिसू लागले आणि तांडेलाने भोंगा वाजवला तेव्हा ती उठली.

धक्क्यावर निम्मे गाव होते. आयांचे संकष्टीचे उपास होते आणि चंद्रोदयाला अजून दीड तास होता. त्या गर्दीतून चौथीतला मुलगा पुढे आला. त्याने वही छातीशी धरलेली होती, आणि कारभारणीने पिशवीसुद्धा खाली न ठेवता ती धक्क्यावरच्या दिव्याखाली उघडली. मंगळवार, बुधवार, गुरुवार, सगळे आकडे होते. आजीने सांगितलेल्या वेळेशेजारी त्याने आपली वेळही लिहिलेली होती. सोमवारच्या सकाळच्या रकान्यात मात्र आकडा नव्हता. तिथे पेन्सिलीने, बारीक अक्षरात लिहिले होते : ‘तुमची होडी बघत होतो.’

तिने ते वाचले, त्याच्याकडे पाहिले आणि काही न खोडता पान उलटले. चतुर्थीची सुकती रात्री नऊला होती. आम्ही घरी पोहोचून पाय धुतले आणि चहा घेतला, तेव्हा खिडकीतून धक्क्याच्या दिशेने दोन टॉर्च जाताना दिसल्या, एक उंच आणि एक खूपच बुटकी.